जुन्या साहसकथांची रंगवलेली मुखपृष्ठं: पाहावीत कशी, शोधावीत कुठं, जपावीत कशी

दुकानाच्या दारात दोरीला चिमट्यानं टांगलेलं साहसकथेचं पुस्तक रस्त्यानं जाणाऱ्याला दोन-तीन क्षणच दिसायचं. तेवढ्यात त्याचे पाय थबकले पाहिजेत, ही जबाबदारी मुखपृष्ठ रंगवणाऱ्याची. आतली गोष्ट कशीही असो, बाहेरचं चित्र बहुधा शिकलेल्या हाताचं असे. शरीररचना पक्की, उजेड-सावलीची जाण पक्की, रंग मोजके. ज्यांतली गोष्ट आज वाचवत नाही अशी कितीतरी पुस्तकं मी केवळ मुखपृष्ठासाठी जपून ठेवली आहेत.

या चित्रांचं एक दुखणं आहे. मूळ रंगवलेला कागद ब्लॉक, म्हणजे छपाईचा धातूचा ठसा, करायला छापखान्यात जायचा आणि बरेचदा तिकडेच राहायचा. कुणी परत मागत नसे, कुणी जपूनही ठेवत नसे. म्हणून स्वस्त कार्डावर छापलेली, कोपरे मोडलेली प्रत एवढंच त्या चित्राचं आपल्या हाती उरलेलं रूप आहे. ती रद्दीत गेली की चित्रही गेलं. हे एकदा मनात बसलं की पुस्तक हाताळण्याची पद्धत आपोआप बदलते. पुढचं सगळं त्याच दृष्टीनं लिहिलं आहे.

इंदूरकरांना हा नाद सोयीचा आहे, कारण इथं तीन प्रवाह एकत्र येतात. मुंबई-पुण्याच्या मराठी रहस्यकथा इथल्या मराठी घरांतून आणि वाचनालयांतून आल्या. दिल्ली, मेरठ, अलाहाबादची हिंदी पॉकेट बुकं बाजारातून आली. आणि शेजारीच महूची जुनी छावणी असल्यानं बदली होऊन जाणाऱ्या कुटुंबांच्या सामानातून इंग्रजी पेपरबॅकही इथं उतरली. इथल्या पुस्तकांच्या बाजारात, खजुरी बाजारात, एकाच गठ्ठ्यात तिन्ही सापडतात.

आधी एक धागा धरा

सगळं गोळा करायला गेलं की घर भरतं आणि नजर मात्र तयार होत नाही. सुरुवातीला एक धागा निवडा. माझं स्पष्ट मत आहे की तो धागा चित्रकाराचा असावा. लेखक धरला तर एकाच नावाखाली दहा हातांची मुखपृष्ठं जमतात, आणि प्रकाशक धरला तर निव्वळ संख्या वाढते. चित्रकार धरला की दोन पुस्तकं शेजारी ठेवून तुलना करता येते. तोच माणूस हात कसे काढतो, रात्र कोणत्या रंगात रंगवतो, हे दिसू लागतं आणि मग सही नसलेलं चित्रही ओळखू येतं.

मराठीत सुरुवात करायची तर रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) आणि दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) या दोघांपासून करा. दोघेही मूळ गोव्याचे, दोघांनी मुंबईत काम केलं, आणि दिवाळी अंकांची मुखपृष्ठं घराघरांत पोचवली. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांना मुळगावकरांच्या चित्रांनी चेहरा दिला. मुळगावकरांचे देवादिकांचे कॅलेंडर ज्यांनी पाहिलेत, त्यांना त्यांच्या माणसांच्या चेहऱ्यावरची ती मऊ झळाळी लगेच ओळखता येईल. दलालांची रेघ जास्त ठाशीव, रंगांचे पट्टे जास्त धीट. एकाच्या चित्रात उजेड अंगावर पसरतो, दुसऱ्याच्या चित्रात आकार उजेडाला कापतो. दोघांचं एकेक मुखपृष्ठ समोरासमोर ठेवा, शंभर शब्दांपेक्षा ते जास्त शिकवेल.

हिंदीत हिंद पॉकेट बुक्स १९५८ साली सुरू झालं आणि खिशात मावणाऱ्या पुस्तकाची सवय लागली. पुढच्या जासूसी उपन्यासांवर 'शेले' अशी सही वारंवार भेटते. भडक रंग, मोठे चेहरे, पिस्तुलाची नळी थेट वाचकाकडे. मराठी वाचकाला हे आधी अंगावर येतं. पण स्टेशनवरच्या गर्दीत, गाडी सुटायच्या बेतात असताना हे चित्र दिसायचं आहे, एवढं लक्षात घेतलं की त्यातली आखणी कळते.

इंग्रजीत पेंग्विननं १९३५ साली स्वस्त पेपरबॅक आणलं तेव्हा वर नुसते रंगाचे पट्टे होते. अमेरिकेत पॉकेट बुक्सनं १९३९ साली पंचवीस सेंटांत पुस्तक दिलं आणि चित्रांची चढाओढ लागली. जेम्स बामा यांनी १९६४ पासून बँटम प्रकाशनाच्या डॉक सॅव्हेज या साहसकथा-मालिकेची मुखपृष्ठं रंगवली. स्टीव्ह हॉलंड नावाच्या मॉडेलला उभं करून, फाटक्या शर्टाची प्रत्येक चुणी पाहून. फ्रँक फ्राझेटा याच्या उलट वाटेनं गेले. तपशील कमी, हालचाल जास्त, कडा धुरकट. आणखी एक गोष्ट त्यांनी केली, ती मला फार मोलाची वाटते: मूळ चित्रं परत मिळावीत आणि हक्क आपल्याकडे राहावेत म्हणून ते प्रकाशकांशी अडून बसले. त्यामुळं त्यांची मूळ चित्रं शाबूत राहिली. आपल्याकडच्या चित्रकारांना तेवढी ताकद बाजारानं दिली नाही. पॅन या ब्रिटिश प्रकाशनाच्या पुस्तकांवर 'पेफ' ही सही दिसली तर थांबा, ते सॅम पेफर.

चित्र वाचायला शिका

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. बाकीच्या पायऱ्या हाताच्या आहेत, ही डोळ्याची आहे.

माझ्याकडचं एक मराठी मुखपृष्ठ उदाहरणाला घेते. चित्रकाराची सही कापली गेली आहे. वरचा तिसरा हिस्सा नुसतं गडद निळं आकाश. ते रिकामं ठेवलं आहे कारण तिथं शीर्षक बसायचं होतं. त्याखाली कौलारू छप्पर उजव्या वरच्या कोपऱ्यातून डाव्या खालच्या कोपऱ्याकडे घसरत येतं. छपराच्या कडेला फेल्ट हॅट घातलेला माणूस ओणवा आहे. खालच्या खिडकीतून पिवळा उजेड वर येतो आणि त्याच्या हनुवटीवर, कोटाच्या बाहीवर आणि पंजावर पडतो. डोळे मात्र हॅटच्या सावलीत. खिडकीत एक बाई पाठमोरी, तिची नुसती मान वळली आहे. तिच्या ब्लाउजचा लाल आणि शीर्षकातल्या अक्षरांचा लाल सोडला तर चित्रात लाल कुठंच नाही.

आता पंजाकडे पाहा. कौल घट्ट धरल्यानं पेरं पांढरी पडली आहेत आणि त्याच हाताखालचं एक कौल जागेवरून बोटभर सरकलं आहे. ते पडणार, आवाज होणार, बाई पूर्ण वळणार. चित्रकारानं उडी रंगवली नाही, झटापट रंगवली नाही. त्याच्या एक श्वास आधीचा क्षण रंगवला. पुढचं बघायला पुस्तक उघडावं लागतं. साहसकथेच्या मुखपृष्ठाची सगळी ओढ मला याच एका युक्तीत दिसते, आणि चांगला चित्रकार साधारण चित्रकारापासून इथंच वेगळा होतो. साधारण चित्रात पिस्तूल उडालेलं असतं, धूर निघालेला असतो, सगळं घडून गेलेलं असतं.

कोणतंही मुखपृष्ठ हाती आलं की या क्रमानं पाहा. प्रथम डोळे किलकिले करा, म्हणजे तपशील विरघळतील आणि गडद-फिक्या आकारांची मांडणी उरेल. ती मांडणी दुरूनही वाचता आली तर चित्रकाराला दुकानाची दोरी ठाऊक होती. मग उजेड कुठून येतो ते शोधा. खालून येणारा उजेड, पाठीमागून येणारा उजेड, एकाच दिव्याचा उजेड: यांनी ओळखीचा चेहराही परका होतो. त्यानंतर तिरक्या रेघा. छप्पर, दोर, होडीची काठी, ताणलेला हात, या सगळ्या कुठल्या कोपऱ्याकडे नेतात? बहुतेकदा उजवीकडच्या कडेकडे, जिथं पान उलटायला अंगठा लागतो. मग एकच धोक्याचा रंग आहे का ते बघा. आणि शेवटी हात. चेहरा नटाच्या फोटोवरून उचलता येतो, हात उचलून भागत नाही. घाईत, कमी मोबदल्यात काम करणाऱ्या माणसानंही ज्या चित्रात हातांना वेळ दिला आहे, ते चित्र मी सोडत नाही.

पुस्तक थोडं उलटं धरून पाहायची सवयही लावा. गोष्ट बाजूला पडते आणि रंगांचा तोल तेवढा दिसतो.

चित्रातला प्रसंग कादंबरीत सापडला नाही तर गोंधळू नका. चित्रकाराला बरेचदा हस्तलिखित मिळतच नसे. नायक कोण, खलनायक कसा, बाई आहे का, एवढं तोंडी सांगितलेलं असे. तेवढ्यावर त्यानं आपली स्वतंत्र गोष्ट रचली. ती आतल्या गोष्टीपेक्षा सरस निघाल्याची उदाहरणं थोडी नाहीत.

अक्षरांनाही चित्राचाच भाग माना. त्या काळातली शीर्षकं बहुतेक हातानं रेखलेली आहेत. शिरोरेषा तलवारीसारखी निमुळती करणं, अक्षरांखालून रक्ताचे ओघळ सोडणं, उकारातून साप काढणं, हे सगळं ब्रशनं केलेलं काम आहे. कुठं रेघ किंचित थरथरते, कुठं रंग दाट होतो. ते दिसलं की चित्रकाराचा हात अगदी जवळ आल्यासारखा वाटतो.

इंदूरमध्ये हे शिकायला एक वेगळी पार्श्वभूमीही आहे. होळकरांच्या काळात इथं चित्रकलेची शाळा १९२७ साली निघाली. दत्तात्रय दामोदर देवळालीकरांच्या हाताखाली नारायण श्रीधर बेंद्रे घडले, विष्णू चिंचाळकर घडले, मकबूल फिदा हुसेनही काही काळ शिकले. तेच हुसेन पुढं मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवत होते. म्हणजे 'बाजारू चित्र' आणि 'खरं चित्र' यांच्यामध्ये आपण मानतो तेवढी मोठी भिंत कधीच नव्हती. दोन्हीकडचे हात एकाच तऱ्हेच्या शाळांत, पुतळ्यांवरून आणि समोर बसवलेल्या माणसांवरून घटवलेले होते.

दहापटीचं भिंग घ्या

घड्याळवाला वापरतो तसं दहा पट मोठं दाखवणारं भिंग खिशात ठेवा. मुखपृष्ठावर ठेवून पाहिलं की चित्र नाहीसं होतं आणि ठिपके उरतात: निळे, मॅजेन्टा म्हणजे गुलाबट लाल, पिवळे, काळे. चार रंग चार वेळा छापले आणि प्रत्येक रंगाची जाळी वेगळ्या कोनात ठेवली की ठिपक्यांची बारीक फुलं तयार होतात. स्वस्त छपाईत जाळी जाड असते, इंचाला ६५ ओळींच्या आसपास, आणि ठिपके नुसत्या डोळ्यांनाही जाणवतात. आर्ट पेपरवर ती १२० ते १३३ पर्यंत जाते.

भिंगाखाली काळ्या अक्षराच्या कडेला शाईची गडद किनार दिसली आणि कार्डाच्या मागून बोटाला हलका उठाव लागला, तर ती ब्लॉकवरची छपाई आहे, लेटरप्रेस. कडा सपाट, शाई सगळीकडे सारखी असेल तर ऑफसेट. या एका खुणेवरून पहिली आवृत्ती आणि नंतरचं पुनर्मुद्रण पुष्कळदा वेगळं करता येतं. आजकाल जुन्या मुखपृष्ठाचा रंगीत झेरॉक्स लावून दिलेली पुस्तकंही फिरतात. त्यात ठिपक्यांवर आणखी ठिपके चढलेले दिसतात, बारीक रेघा चघळल्यासारख्या होतात.

रंग किंचित सरकलेले असतील, म्हणजे ओठांचा लाल ओठांबाहेर आला असेल, तर त्याला खोट मानू नका. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती मिळाल्या तर मात्र ज्या प्रतीत रंग जुळले आहेत ती ठेवा.

साल कसं काढायचं

स्वस्त पुस्तकांवर साल छापलेलं नसणं नेहमीचंच. मग किंमत बघा. आण्यांत किंमत असेल तर पुस्तक १ एप्रिल १९५७ च्या आधीचं किंवा अगदी त्या सुमाराचं. त्या दिवशी दशमान नाणी आली. 'नये पैसे' लिहिलं असेल तर १९५७ ते १९६४. जून १९६४ पासून 'नये' गळलं आणि नुसते 'पैसे' राहिले. किमतीवर चिकटवलेली दुसरी चिठ्ठी असेल तर ती उचकटू नका, दिव्यासमोर धरून खालचा आकडा वाचा. ब्रिटिश पुस्तकावर शिलिंग-पेन्स असतील तर ते १५ फेब्रुवारी १९७१ च्या आधीचं.

पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर पुस्तक १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. 'मुंबई ४', 'पुणे २' असं असेल तर बहुधा आधीचं. मराठी पुस्तकात शके दिला असेल तर त्यात ७८ मिळवा. शके १८७५ म्हणजे १९५३, आणि वर्षाच्या शेवटचे अडीच-तीन महिने असतील तर १९५४.

आपल्याकडची खास खूण म्हणजे वाचनालयाचा शिक्का. 'होळकर राज्य' असा शिक्का असेल तर पुस्तक १९४८ च्या आधी इथं आलेलं आहे. 'मध्यभारत' किंवा नुसतं 'म. भा.' असेल तर मे १९४८ ते ऑक्टोबर १९५६ या काळात, कारण १ नोव्हेंबर १९५६ ला मध्यभारत मध्य प्रदेशात विलीन झाला. 'म. प्र.' असेल तर त्यानंतर. शिक्क्यावरून पुस्तक कधी छापलं ते कळत नाही, ते कधीपर्यंत छापलं गेलं होतं तेवढं कळतं. तरी किंमत, पत्ता आणि शिक्का या तिन्ही खुणा एकत्र धरल्या की चार-पाच वर्षांच्या आत नेम बसतो. शेवटचं पान आणि मलपृष्ठावरची 'आगामी' यादीही वाचा. मालिकेतला कोणता क्रमांक चालू होता ते तिथं मिळतं.

हे सगळं पेन्सिलीनं वेगळ्या कागदावर लिहा. पुस्तकावर काही लिहू नका.

खजुरी बाजार आणि इतर ठिकाणं

खजुरी बाजारात मुख्य धंदा शाळा-कॉलेजच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांचा. शाळा उघडायच्या दिवसांत दुकानदाराला मान वर करायला फुरसत नसते. तेव्हा जुनं काही मागू नका. गर्दी ओसरल्यावर, दुपारी जा. 'भिया, पुराने उपन्यास हैं क्या, कवर वाले?' एवढं विचारलं की पुरतं. 'दुर्मीळ', 'संग्रह' असे शब्द काढू नका, भाव तिथंच चढतो. मराठी पुस्तकं बरेचदा हिंदीच्या गठ्ठ्यात तळाला असतात, कारण विकणाऱ्याला ती वेगळी काढायचं कारण नसतं. तळापर्यंत जायची तयारी ठेवा आणि गठ्ठा होता तसा परत रचून द्या. पुढच्या वेळी तो माणूस स्वतःहून बाजूला काढून ठेवेल.

दुसरी जागा म्हणजे रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर इथली जुनी मराठी घरं. आजी-आजोबांच्या पश्चात घर आवरताना माळ्यावरच्या पेट्या खाली येतात आणि धार्मिक ग्रंथ तेवढे ठेवून 'डिटेक्टिव्ह' रद्दीत जातात. नात्यागोत्यात, मंडळात, हळदीकुंकवाला सांगून ठेवा की रद्दीवाल्याला देण्याआधी मला फोन करा. मी कधी एखाद्या काकूंकडून पेटी आणली की त्यातली त्यांच्या आठवणीची चार पुस्तकं विचारून परत देते. पुस्तक कुणी आणलं, कोणत्या वाचनालयाचं, कोण चोरून वाचायचं, हे त्यांच्याकडून तेव्हाच विचारून घ्या.

मराठी संस्थांच्या ग्रंथालयांत जाऊन फक्त पाहायलाही हरकत नाही. वाचनालयांनी पुस्तकं बांधणीला दिली तेव्हा बाइंडरनं कडा कापल्या आणि सह्या तिथंच गेल्या. पण कधी कधी त्यानं मूळ मुखपृष्ठ कापून पुठ्ठ्यावर डकवलेलं असतं, किंवा आतल्या कोऱ्या पानामागं ठेवलेलं असतं. खाकी कव्हर घातलेलं पुस्तक परवानगी घेऊन उघडून बघा. खाकीखाली पन्नास वर्षं ऊन न लागलेला रंग मिळतो.

पैसे देण्याआधी

मुखपृष्ठ मूळचं आहे का, दुसऱ्या पुस्तकाचं तर लावलेलं नाही ना, हे आतल्या नावाशी ताडून बघा. सही शोधा: खालचा उजवा कोपरा, मग डावा, मग पायाजवळची सावली. आत श्रेयाच्या पानावर 'मुखपृष्ठ' किंवा 'वेष्टन' असं लिहून नाव असतं का पाहा. नाकानं वास घ्या. कुबट वास असेल आणि पानांवर भुरका थर बोटाला येत असेल तर ती जिवंत बुरशी आहे. कितीही सुंदर असलं तरी घरी आणून इतर पुस्तकांजवळ ठेवू नका. सुटलेली पिन, मोडलेला कोपरा, वाचकाचं नाव, शाईचा शिक्का, हे सगळं चालेल. सेलोटेप मात्र वाईट. तिचा डिंक कागदात मुरतो आणि पिवळा पट्टा कायमचा राहतो.

सुटी मुखपृष्ठं, म्हणजे पुस्तकापासून फाडलेली, चौकटीत लावायला विकतात. मी ती घेत नाही आणि तुम्हीही घेऊ नका असं मनापासून सांगते. एकाला गिऱ्हाईक मिळालं की पुढच्या दहा पुस्तकांची मुखपृष्ठं फाडली जातात. चित्राला त्याची किंमत, त्याचं साल, त्याचा शिक्का, त्याचं मलपृष्ठ हे सगळं पुस्तकातूनच मिळतं.

घरी आणल्यावर

आधी वेगळं ठेवा. नवं आलेलं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून दोन आठवडे बाजूला. कसरीची किंवा किड्यांची शंका असेल तर हवा काढून घट्ट बंद केलेल्या पिशवीत डीप फ्रीझरमध्ये, उणे अठरा अंशांच्या खाली, दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर कागदावर दव धरतं. ही रीत कोरड्या पुस्तकासाठीच.

धूळ झाडायला रंगवायचा मऊ, कोरडा, रुंद ब्रश. मध्यापासून कडेकडे, एकाच दिशेनं. गुळगुळीत मुखपृष्ठावरचा मळ स्वच्छ, कोरड्या मेकअपच्या स्पंजनं अलगद टिपा. पांढऱ्या व्हिनाइल खोडरबरानं कडेच्या रिकाम्या जागेचा मळ निघतो, पण रंगाच्या भागावर खोडरबर फिरवू नका. ब्लॉकवरची शाई कधी कधी वरच्यावर बसलेली असते आणि चटकन उचलली जाते. पाणी, थुंकी, स्पिरिट, काच पुसायचं औषध यांतलं काहीही लावायचं नाही. आर्ट कार्डावर मातीचा लेप असतो, तो ओला झाला की शेजारच्या कागदाला चिकटतो आणि सोडवताना चित्रासकट निघतो.

फाटलेल्या कडेला जपानी टिश्यू कागदाची पातळ पट्टी मागच्या बाजूनं, गव्हाच्या किंवा तांदळाच्या पिठाच्या ताज्या खळीनं लावतात. खळ पाण्यानं सुटते, म्हणजे उद्या कुणाला जास्त चांगली दुरुस्ती करायची असेल तर वाट मोकळी राहते. आधी फुकट गेलेल्या पुस्तकावर हात बसवा. गंजलेल्या पिना ओढून काढू नका. त्यांचे पाय आतून सरळ करून अलगद सोडवा आणि जमत नसेल तर आहेत तशा राहू द्या.

माळव्याचं ऊन, माळव्याचा पाऊस

स्वस्त कागदात लिग्निन हा लाकडातला घटक असतो, शिवाय तयार करताना तुरटी वापरलेली असते. हवा आणि उजेड लागून तो आम्लधर्मी होत जातो, पिवळा पडतो, मग कडकतो. हे थांबवता येत नाही, सावकाश करता येतं.

उन्हात सगळ्यात आधी मॅजेन्टा आणि पिवळा उडतात, निळा आणि काळा टिकतात. कपाटात उभ्या ठेवलेल्या पुस्तकांचे कणे निळसर झालेले दिसतात ते त्यामुळं. पाठीवरचा लाल गेलेला असतो. म्हणून काचेचं कपाट खिडकीसमोर नको आणि मुखपृष्ठं चौकटीत लावून दिवाणखान्यात नकोत. भिंतीवर हवीच असतील तर छापील प्रत लावा.

जुलै ते सप्टेंबर हे दिवस जास्त काळजीचे. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की बुरशी धरते. ४५ ते ५५ मध्ये पुस्तकं सुखी असतात. आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र स्वस्तात मिळतं, कपाटात एक ठेवा. पुस्तकं बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, मागं चार बोटं जागा सोडा. सिलिका जेलच्या पुड्या रंग बदलला की बदला किंवा वाळवून घ्या. वेखंडाची पुरचुंडी आपल्याकडं पोथ्यांत ठेवायची जुनी चाल आहे. ती पातळ कापडात बांधून कागदाला न टेकवता ठेवा. नॅप्थलीनच्या गोळ्या मी वापरत नाही. त्यांची वाफ आपल्यालाच बाधते आणि बुरशीवर त्यांचा उपयोग नाही.

प्रत्येक पुस्तकाला पॉलिप्रॉपिलीनची किंवा पॉलिएस्टरची पारदर्शक पिशवी. शाळेच्या वह्यांना घालतात त्या मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या कव्हरात ठेवलं तर काही वर्षांत प्लास्टिक शाईला चिकटतं. पिशवीचं तोंड पूर्ण बंद करू नका. जाड पुस्तकं उभी, पण आधाराशिवाय कलू देऊ नका. पातळ, पिनवाली पुस्तकं आडवी, फार उंच थर न लावता.

स्कॅन

फ्लॅटबेड स्कॅनरवर ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), रंगीत, टिफ फाइल. स्कॅनरमधली ठिपके पुसण्याची सोय जपायच्या प्रतीसाठी बंद ठेवा. ठिपके हा छपाईचा पुरावा आहे. पाहायला-दाखवायला वेगळी लहान प्रत करा, हवं तर तिच्यात ठिपके मऊ करा. मुखपृष्ठ, कणा, मलपृष्ठ आणि श्रेयाचं पान, चारही घ्या. रंग 'सुधारू' नका. उडालेला लाल अंदाजानं भरला की ते तुमचं चित्र होतं, त्या चित्रकाराचं राहत नाही.

पुस्तक काचेवर दाबून कणा मोडणार असेल तर फोटो काढा. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत सारखा उजेड, कॅमेरा बरोबर वर, फ्लॅश बंद.

घरी अभ्यासासाठी स्कॅन करणं वेगळं आणि इतरांना वाटणं वेगळं. आपल्याकडं चित्राचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजून, राहतो. दलाल १९७१ साली गेले, म्हणजे २०३१ अखेरपर्यंत. मुळगावकर १९७६ साली, म्हणजे २०३६ अखेरपर्यंत. मग छापून विकायचा, टी-शर्टवर घालायचा विचार करण्याआधी वारसांची किंवा प्रकाशकाची परवानगी घ्या.

नोंद ठेवा, चित्रकाराच्या नावानं

प्रत्येक पुस्तकाला एक ओळ: चित्रकार, नसेल माहीत तर 'अज्ञात' आणि शेजारी ओळखीच्या खुणा, मग शीर्षक, प्रकाशक, पत्ता, छापखाना, किंमत, काढलेलं साल आणि ते कशावरून काढलं, शिक्का, पुस्तक कुणाकडून आलं. छापखान्याचं नाव गाळू नका. एकाच छापखान्यातून निघालेल्या पुस्तकांची मुखपृष्ठं पुष्कळदा एकाच हाताची निघतात. अशी अज्ञात मुखपृष्ठं शेजारी मांडा आणि हात, कान, कपड्यांच्या चुण्या ताडून बघा. कानाची पाळी आणि बाहीची घडी माणूस सवयीनं काढतो, ती लपवता येत नाही. सही असलेल्या एका चित्रावरून सही नसलेली चार चित्रं त्या चित्रकाराच्या नावावर लावता आली, तर नोंदवहीत 'अज्ञात' खोडून त्याचं नाव लिहा. शेजारी 'शैलीवरून' असं स्पष्ट नमूद करा, म्हणजे पुढं कुणाला सहीसकट प्रत मिळाली तर त्याला पडताळून पाहता येईल.